पतसंस्थेची छत्री आणि पांढरी नागीण

छत्री गेली. दोन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय, नाहीतर हांगचौवर लिहिण्याइतकं मी काही बघितलेलं नाही. शांघायहून बुलेट ट्रेननं तासाभराचा प्रवास, बायको म्हणाली एक दिवस जाऊन येऊ, गेलो. महिना जून. तिकडे ह्या दिवसांत प्लम पिकतात आणि त्या फळाच्याच नावाचा पाऊस लागतो. आपल्यासारखा धो धो नाही, नुसती चिकट पिरपिर, सासुरवाडीच्या चौकश्यांसारखी, थांबतच नाही.

तर वेस्ट लेक. सुंदर आहे हो, नाही कोण म्हणतंय. वर स्वर्ग आणि खाली सुचौ-हांगचौ अशी त्यांच्याकडे म्हणच आहे, बाराव्या शतकात इथे सोंग घराण्याच्या राजांची राजधानी होती, २०११ पासून तळं युनेस्कोच्या यादीत आहे. तळ्याच्या एका टोकाला मोडका पूल. दुआनछ्याओ. पूल अजिबात मोडका नाही, चांगला दगडी, धडधाकट आहे. हिवाळ्यात कमानीवरचा बर्फ आधी वितळतो आणि लांबून पूल तुटल्यासारखा दिसतो म्हणून हे नाव, असं सांगतात. आमच्या गावातल्या खरोखर मोडलेल्या पुलाला आम्ही 'नवा पूल' म्हणतो, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही.

ह्या पुलावर मी छत्री घेऊन उभा होतो. बायको कमळांचे फोटो काढायला पुढे गेलेली. छत्री पिवळीधमक, सासऱ्यांच्या पतसंस्थेनं रौप्यमहोत्सवाला सभासदांना वाटलेली, वर लाल अक्षरांत 'ठेवींवर आकर्षक व्याज'.

आणि आजी आली. सत्तरीची असेल. लालभडक ड्रेस, गळ्यात रेशमी स्कार्फ, डोळ्यावर पावसातसुद्धा गॉगल, मागे तशाच तेरा-चौदा मैत्रिणी. माझ्यासमोर उभी राहून छत्रीकडे बोट दाखवून ती जे सुरू झाली ते मला वाटलं रस्ता अडवला म्हणून झापतेय. मी बाजूला झालो. ती पण बाजूला झाली. मग तिनं फोन तोंडाशी धरून काहीतरी बोलून माझ्या नाकासमोर आणला, आणि त्यातून आकाशवाणीच्या जुन्या बातम्यांच्या आवाजात हिंदी आलं, "मैं श्वेत नागिन हूँ. कृपया छाता दीजिए."

आता माणसानं काय करावं? आपल्याकडे नागिणीला दूध-लाह्या देतात, छत्री कोणी मागितलेली मला आठवत नाही.

मग बायकोनं नंतर नेटवर वाचून सांगितलं ते असं, की हजार वर्षं तप केलेली एक पांढरी नागीण बाईचं रूप घेऊन ह्याच तळ्यावर आली, पाऊस आला, शू श्येन नावाच्या औषधाच्या दुकानातल्या साध्याभोळ्या पोरानं तिला छत्री दिली, दुसऱ्या दिवशी छत्री परत आणायला गेला आणि लग्नच होऊन बसलं. त्यामुळे मोडक्या पुलावर छत्री घेऊन फोटो काढायचा ही तिकडची रीतच. आजींच्या अख्ख्या गटात एकीकडेही छत्री नव्हती, सगळ्यांनी पाच-पाच रंगांचे रेनकोट आणलेले, आणि रेनकोट घातलेली नागीण कशी दिसेल?

दिली छत्री. पहिल्या आजीनं कठड्याला टेकून, मान तिरकी करून, स्कार्फ उडवत फोटो काढला. मग दुसरीनं. मग तिसरीला पहिलीची पोझ आवडली म्हणून तीच पोझ. एक आजी मला शू श्येन म्हणून शेजारी उभं करायला लागली पण माझं पोट बघून गटात चर्चा झाली आणि तो बेत रद्द झाला, हे मला भाषांतराशिवाय कळलं. चौदा आल्बमांत आता आमच्या पतसंस्थेची जाहिरात आहे, आणि मी वीस मिनिटं भिजतोय.

शेवटी मी फोनमध्ये सांगितलं, छत्री परत द्या. फोन चिनीत काय बरळला देव जाणे, सगळ्या टाळ्या वाजवून हसल्या. आजीनं माझ्या गालाला हात लावला, पर्समधून सूर्यफुलाच्या बियांची पुडी काढून माझ्या हातात कोंबली. तेवढ्यात झेंडावाल्या गाईडनं शिट्टी मारली आणि सगळा नागलोक बॅटरीवरच्या गाडीत. मी मागे धावलो, हात हलवत, "छत्री! छत्री!" तर सगळ्या जणी दोन बोटं वर करून मला टाटा करतायत, आणि मध्ये पिवळीधमक छत्री. आकर्षक व्याज.

नवीन घ्यायला गेलो तर टपरीवर सगळं क्यूआरनं. आपल्याकडेही भाजीवाला क्यूआर लावतो, पण आपलं तिथे चालेना. ॲपला कार्ड जोडायचं तर ओटीपी भारतातल्या नंबरवर, आणि तो नंबर मीच पैसे वाचवायला रोमिंगशिवाय आणलेला. शंभर युआनची नोट दिली तर सुट्टे नाहीत. खिशात एक युआनची नोट होती, तिच्या मागे ह्याच तळ्याचं चित्र आहे. म्हणजे तळं नोटेवर, आणि तळ्यावर ती नोट चालत नाही. शहाणे लोक. परदेशी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी करायचं काय मग? माझं सोडा, मी भिजलो.

भिजत भिजत मग सू तोंगपोचा बांध चाललो, पावणेतीन किलोमीटर. हा मनुष्य कवी आणि इथला अधिकारी, १०९० च्या सुमाराला त्यानं तळ्यातला गाळ उपसला आणि त्याच गाळाचा रस्ता केला, आजही लोक त्यावरून चालतात. आपल्याकडे नाल्यातला गाळ काढून नाल्याच्याच काठावर रचतात, पहिल्या पावसात तो परत आत, पुढच्या वर्षी परत टेंडर. चिखलावरून आठवलं, जेवायला इथला प्रसिद्ध व्हिनेगरमधला मासा मागवला. गवत्या मासा, वर गोड-आंबट चिकट रस्सा. मी मालवणचा. ह्यावर मी अजून बोलू इच्छित नाही.

लांबून लेइफंग पॅगोडा दिसत होता. नागिणीला ह्याच्या खाली गाडली होती म्हणे. जुना पॅगोडा १९२४ साली कोसळला, कारण विटा शुभ असतात म्हणून लोकांनी एकेक करून घरी नेल्या. म्हणजे नेण्याची सवय जुनीच. २००२ मध्ये नवा बांधला, वर जायला सरकता जिना आहे.

बायको भेटली तेव्हा पहिला प्रश्न, "छत्री कुठाय?" मी बियांची पुडी दाखवली. तिनं नुसतं "बाबांची होती ती" एवढंच म्हटलं, आणि ट्रेन येईपर्यंत बिया सोलत बसली. एकही मला दिली नाही.

रात्री हॉटेलच्या वायफायवर सासऱ्यांचा फोन.

"पाऊस आहे का रे तिकडे?"

"आहे, बाबा."

"मग छत्री कामाला आली की नाही?"

म्हटलं, "आली. चौदा जणींच्या."