हे पाणी आपोआप येत नाही

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजवरचा लेख छान, पण ‘निसर्गाने जसंच्या तसं राखलेलं पाणथळ’ हे वाक्य खटकलं. १९३७ मध्ये हे अभयारण्य झालं आणि बांध घालून, पाट खणून माणसांनी ही तळी उभी केली. आजही उन्हाळ्यात बरीचशी कोरडी ठेवतात, तळाशी बियांचं गवत वाढू देतात. मग थंडीच्या तोंडावर कालव्याचं पाणी सोडतात, तेव्हा कुठे स्नो गीजचे, म्हणजे पांढऱ्या रानहंसांचे, थवे उतरतात. सेंट्रल व्हॅलीतली, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या या मधल्या खोऱ्यातली, ९० टक्क्यांहून जास्त पाणथळ जमीन गेलीय, या पक्ष्यांनी दुसरीकडे जायचं तरी कुठे?

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातून मुलांना घेऊन जाते तेव्हा मी त्यांना आधी बांध आणि पाण्याचे दरवाजे दाखवते, मग पक्षी. दुष्काळात पाणी तुटतं, उरलेल्या तळ्यांत पक्ष्यांची दाटी होते आणि रोग पसरतो. हे लेखात यायलाच हवं होतं.