लहान केसमध्ये पीसी भाजून निघतो? मुद्दे एकेक करून तपासू

घरी पीसी बांधायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. लहान केस, म्हणजे पीसीचं लहान कॅबिनेट, हा बंद डबा. आत सगळं तापतं, पंखे बोंबलतात, मोठं ग्राफिक्स कार्ड बसत नाही, पुढे काही बदलता येत नाही, आणि नवख्याने तर त्या वाटेला जाऊच नये. मिड-टॉवर, म्हणजे नेहमीची उभी मोठी केस, घ्या आणि मोकळे व्हा. हा सल्ला इतका फिरला आहे की तो तपासून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. मी काही वर्षांपासून ११ लिटरच्या केसमधल्या पीसीवर रोजचं काम करतो. या सल्ल्यातला काही भाग खरा आहे. पण तो भाग केसच्या आकाराबद्दल नाही, सुटे भाग न मोजता घेण्याबद्दल आहे.

आधी ‘लहान’ म्हणजे किती ते ठरवू. केसची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागलं की लिटर मिळतात. नेहमीचा मिड-टॉवर ४० ते ५० लिटरच्या आसपास असतो, आणि २० लिटरच्या आतल्या केसला साधारणपणे लहान म्हणतात. सात लिटरची केसही लहान आणि अठरा लिटरचीही. या दोघींना एकच नियम लावणं, इथेच पहिली चूक होते.

‘जागा कमी, म्हणून जास्त तापतं.’ ऐकायला पटतं, पण आकडेमोड करून बघा. एक लिटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १.२ जूल लागतात. प्रोसेसर आणि कार्ड मिळून ३०० वॉट खात असतील, तर ५० लिटरच्या टॉवरमधली हवा, बाहेर जायला वाट नसेल तर, दर सेकंदाला ५ अंशांनी तापेल. म्हणजे मोठ्या केसमधली ती ‘मोकळी जागा’ फार तर काही सेकंदांची उसंत देते. नंतर सगळा भार वाहत्या हवेवर. तेच ३०० वॉट बाहेर नेताना हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला २५ लिटर हवा आत-बाहेर व्हायला हवी. केस ५० लिटरची असो वा १२ ची, हा आकडा बदलत नाही. म्हणून केस निवडताना विचारायचा प्रश्न असा: पंख्याला बाहेरची ताजी हवा थेट मिळते का, आणि तापलेली हवा परत त्याच्याच तोंडात जात नाही ना?

इथे लहान केस पुष्कळदा सरस ठरते. ज्या केसमध्ये मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) एका बाजूला आणि कार्ड पाठीला पाठ लावून दुसऱ्या बाजूला असतं, त्यात कार्डाचे पंखे जाळीच्या दारापासून बोटभर अंतरावर असतात. ते खोलीतलीच हवा ओढतात. टॉवरमध्ये मात्र कार्ड पोटात असतं, आणि समोर सलग काच असेल तर त्याला कडेच्या फटीतून येईल तेवढ्याच हवेवर भागवावं लागतं. काचेच्या तोंडाच्या मोठ्या केसमध्ये गुदमरणारी कार्डं मी पाहिली आहेत. त्यांचं दार उघडून ठेवलं की तापमान खाली यायचं. आतल्या लिटरांचा त्यांना काही उपयोग झाला नव्हता.

माझ्याच केसमधली एक गोष्ट सांगतो. प्रोसेसरवर ३७ मिमी उंचीचा चपटा कूलर आहे, आणि त्याचा पंखा नि दाराची जाळी यांत सुमारे १८ मिमी पोकळी राहिली होती. कामाचा भार वाढला की प्रोसेसर लगेच नव्वदीकडे जायचा. दार काढलं की उतरायचा, म्हणजे कूलर बरा होता. पंखा बाहेरची हवा ओढण्याऐवजी स्वतःच फेकलेली गरम हवा त्या पोकळीतून पुन्हा गिळत होता. जाड फोमची कडी कापून ती पंख्याची चौकट आणि जाळी यांच्यामध्ये बसवली, तेव्हा दार लावूनही तापमान ७-८ अंशांनी खाली राहू लागलं. या कामासाठी नॉक्टुआ तयार फोम-कडी विकते. तेव्हा केस घेताना ‘कूलर जास्तीत जास्त किती उंच बसेल’ एवढंच बघू नका. बसवल्यावर पोकळी किती उरेल तेही बघा.

सल्ल्यातली खरी बाजू इथे येते. ३७ मिमीच्या कूलरवर २५३ वॉटपर्यंत जाणारा इंटेलचा आय९-१४९००के प्रोसेसर बसवला तर तो तापणारच, आणि त्यात केसचा काही दोष नाही. कंपनीच्या हिशोबाने ६५ वॉटचा असलेला एएमडीचा रायझन ७ ७७०० घ्या, किंवा मोठ्या रायझनला बायॉसमधून (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमधून) ६५ वॉटच्या इको मोडवर, म्हणजे कमी विजेवर, आणा, म्हणजे प्रोसेसर ८८ वॉटच्या मर्यादेत राहतो. खेळांमध्ये फरक जाणवत नाही. तासन् तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला मात्र जाणवेल. त्याने उंच कूलर बसणारी केस घ्यावी.

‘आवाज सहन होत नाही.’ अर्धं खरं. तेवढीच उष्णता छोट्या पंख्याने काढायची तर त्याला जास्त फिरावं लागतं, हे मान्य. पण कारखान्यातून आलेला पंख्याचा वेग दगडावरची रेघ नाही. प्रोसेसरचं तापमान क्षणभर उडी मारतं आणि पंखा लगेच किंचाळतो. बायॉसमध्ये ती प्रतिक्रिया काही सेकंदांनी लांबवली की हा चढउतार थांबतो. कार्डाची वीज थोडी कापली तर आणखी फरक पडतो. एनव्हिडियाचं ४५० वॉटचं आरटीएक्स ४०९० कार्ड साडेतीनशेच्या आसपास आणलं तरी वेग मोजक्या टक्क्यांनीच घटतो.

‘मोठं कार्ड बसत नाही.’ कूलर मास्टरची एनआर२०० ही १८.२५ लिटरची केस ३३० मिमी लांबीचं, तीन स्लॉट (बोर्डावरच्या कार्डाच्या फाटी) जाडीचं कार्ड घेते. एनव्हिडियाने २०२४ मध्ये लहान केससाठी मापच ठरवून दिलं: लांबी ३०४, उंची १५१, जाडी ५० मिमी. आरटीएक्स ५०९० या कार्डाची एनव्हिडियाची स्वतःची आवृत्ती तर ५७५ वॉटची असूनही दोनच स्लॉट जाड आहे. अडतं ते लांबीत नव्हे, उंचीत. कार्डाच्या माथ्यावर वीजेची केबल लागते, आणि ती वळायला सुमारे ३५ मिमी जागा हवी. ही जागा न धरता कार्ड घेतलं की दार केबलवर दाबून बसवावं लागतं, आणि नव्या १६ पिनांच्या जोडावर असा ताण येऊ देणं धोक्याचं आहे. १५१ च्या आकड्यात ही वळणाची जागा धरलेली आहे, म्हणून तो कामाचा.

‘पुढे अपग्रेड होत नाही.’ लहान केसमधला मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिमीचा असतो. त्यावर रॅमच्या दोन जागा आणि कार्डाची एक. चार हार्ड डिस्क, कॅप्चर कार्ड, वेगळं नेटवर्क कार्ड हे सगळं लागणार असेल तर मोठी केसच घ्या, त्यात वाद नाही. पण प्रोसेसरचं सॉकेट मोठ्या बोर्डावर असतं तेच असतं, कार्डाची फाटही तीच. रॅमच्या दोन पट्ट्यांत ९६ जीबी मावतात. पॉवर सप्लायचीही अडचण उरलेली नाही, एसएफएक्स या लहान मापात १००० वॉटचे मिळतात. बोर्ड आणि सप्लाय महाग पडतात हे खरं. ते टाळायचं असेल तर मायक्रो-एटीएक्स हा थोडा मोठा बोर्ड घेणारी आटोपशीर केस बघावी.

‘नवख्याने हात लावू नये.’ याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण यामुळे माणसं शिकण्याआधीच मागे फिरतात. बांधायला वेळ जास्त लागतो, एवढंच. माझ्या पहिल्या पीसीला पडद्यावर काहीच दिसेना. दोन संध्याकाळी मी कार्ड बिघडलं असं समजून बसलो होतो. कारण निघालं रायझर केबल, म्हणजे बोर्डाची फाट आणि कार्ड यांना जोडणारी केबल: ती पीसीआयई जोडणीच्या तिसऱ्या पिढीची, कार्ड आणि बोर्ड चौथ्या पिढीचे, आणि ‘ऑटो’वर असलेला बोर्ड चौथ्याच वेगाने बोलू बघत होता. पडद्याची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली, प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर बायॉस उघडलं, स्लॉट ‘जेन ३’ केला, आणि कार्ड चालू झालं. नवख्याला हे आधी सांगितलं तर त्या दोन संध्याकाळी वाचतात. शिवाय सप्लायच्या केबली कार्ड बसवण्याआधी लावायच्या, आणि प्रोसेसरची वीजेची केबल तर बोर्ड केसमध्ये ठेवण्याआधीच वरच्या कोपऱ्यातून ओढून घ्यायची, कारण कूलर बसला की तिथे बोट जात नाही.