शेजारी बसून दुसऱ्याचा सिनेमा कसा पाहावा

थंडी सुरू झाली की अमेरिकेतल्या मराठी घरांत क्वचित एक दृश्य दिसतं. घरातली बाई चक्क सोफ्यावर बसलेली असते. पाय वर, अंगावर सोलापुरी चादर, हातात चहा आणि समोर टीव्हीवर हॉलमार्क चॅनेलवरचा, बर्फातल्या गावातला गोडमिट्ट प्रेमाचा सिनेमा. हे दृश्य फार वेळ टिकू देणं बरं नव्हे. तुम्ही तिचे नवरे, दीर, पाहुणे किंवा सुट्टीला घरी आलेले चिरंजीव असाल, तर तुमचं काही कर्तव्य आहे. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी आमच्याकडे ते इतकं चोख बजावलं गेलं की इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते.

सुरुवातीला खोलीत अजिबात असू नका. शिकागोत हा नवा सिनेमा शनिवारी संध्याकाळी सातला लागतो. तुम्ही सात वाजून बारा मिनिटांनी या आणि आल्या आल्या नायिकेचा सातबारा मागा. ही कोण, कुठली, बाप काय करतो, बेकरी कोणाच्या नावावर आहे, आणि तो चौकड्याच्या शर्टातला हिचा भाऊ का? (भाऊ नाही. भाऊ असता तर दाढी एवढी नीट कोरलेली नसती.)

माहिती मिळाली की तीन मिनिटांत निकाल जाहीर करा. आधी "सांगू का, काय होणार ते?" असं विचारायचं, म्हणजे परवानगी घेतल्यासारखं होतं, उत्तराची वाट बघायची नाही. आमचे एक भाऊजी, म्हणजे ह्यांचे मावसभाऊ, डॅलसहून आले होते. बर्फाशी त्यांचा संबंध फ्रीजपुरता. ते सव्वासातला म्हणाले, "वहिनी, ही त्या शहरातल्या सुटाबुटाला सोडणार आणि ह्या नाताळच्या झाडंवाल्याशी लग्न करणार. लिहून घ्या." मी लिहून घेतलं नाही, पण ते थांबून राहिले. माझ्या तोंडावर आश्चर्य उमटायची वाट पाहत होते.

चॅनेलच्या नावावरूनही काहीतरी बोला. आमच्या सासूबाईंना आधी वाटलं, ही सोन्याच्या दुकानाची जाहिरात आहे. आपल्याकडे हॉलमार्क म्हणजे दागिन्यावरचा छाप, त्यामुळे त्यांची काही चूक नाही. भाऊजींनी मात्र फोन काढून कीर्तनच लावलं. कंपनी 1910 ची, कॅन्सस सिटीची, धंदा शुभेच्छापत्रांचा. चॅनेलला हे नाव 2001 मध्ये मिळालं. आणि 2009 पासून नाताळच्या सिनेमांची ही रांग लागायला लागली. आता आपला दिवाळीचा कंदील चढतोय न चढतोय तोवर ऑक्टोबरातच यांचा नाताळ सुरू होतो. हे सगळं नायिकेच्या आजीचं पत्र सापडलं, त्या वेळी चालू होतं. पत्रात काय होतं ते मला अजून माहीत नाही.

नटी ओळखीची वाटली तर "ही मागच्या सिनेमातही होती ना?" असं विचाराच. हो, होती. लेसी शॅबेर या चॅनेलच्या तीसहून जास्त सिनेमांत आहे. अशोक सराफ काय एकाच सिनेमात होते?

सिनेमात बर्फ पडायला लागला की तुमची खरी वेळ आली. "वहिनी, हे सगळं कॅनडात शूट करतात. ब्रिटिश कोलंबियात. भर उन्हाळ्यात! बर्फ म्हणजे कागदाचा चुरा आणि फेस. खाली पांढरी गोधडी अंथरतात." खरं आहे. मला ठाऊक आहे. व्हँकूव्हरच्या आसपास, फोर्ट लँगलीसारख्या गावांत, ही पोरं उन्हात लोकरीचे कोट घालून, घाम पुसत एकमेकांना "किती गारठा आहे" म्हणतात आणि दोन-तीन आठवड्यांत अख्खा सिनेमा उरकतात. म्हणून काय झालं? आपल्या हिंदी नायिका शिफॉनच्या साडीत स्वित्झर्लंडच्या बर्फात नाचत होत्या, तेव्हा तुम्ही थर्मामीटर घेऊन बसला होतात का? तिथे बर्फ खरा नि कपडे खोटे. इथे कपडे खरे नि बर्फ खोटा. फिट्टंफाट.

आणि खरा बर्फ मला दाखवायची गरजच नाही हो. तो ड्राइव्हवेवर आहे. त्याच दिवशी पहाटे पावणेसहाला मी फावडं घेऊन बाहेर होते. ह्यांची कंबर. (ह्यांची कंबर नोव्हेंबर ते मार्च धरते.) सगळं साफ करून, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकून दार लावलं, बूट काढले, आणि बाहेर तो ओळखीचा घरघराट आला. पडद्याआडून बघत राहिले. रस्त्यावरचा बर्फ सारणारी नांगराची गाडी ऐटीत गेली आणि तो सगळा राखाडी चिखलबर्फ आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून गेली. ज्यांना कळलं त्यांना कळलं. पुन्हा बूट घातले. नऊ वाजता भाऊजी मफलर गुंडाळून खाली आले, खिडकीतून बघितलं, म्हणाले, "वा, काय सुंदर दिसतंय!" आणि मग, "चहा झालाय का?"

तर संध्याकाळी मला असा बर्फ बघायचा होता, जो फक्त दोघांनी एकमेकांकडे बघितल्यावर पडतो आणि ज्याने लाकडी फरशीवर मिठाचे पांढरे डाग पडत नाहीत. कागदाचा असला तर उत्तमच. कागद झाडूने जातो.

जाहिराती लागल्या की मात्र एकदम गप्प बसा. सिनेमा साधारण 84 मिनिटांचा, वेळ दोन तासांची. उरलेली 36 मिनिटं तुमच्या मौनासाठीच राखून ठेवली आहेत. या दोन तासांत मृत्यूचा उल्लेख निघतो तोही फक्त औषधांच्या जाहिरातीतच, बागेत हसत फिरणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागून, भरभर वाचलेल्या यादीत. सिनेमात कोणी मरत नाही. नायक विधुर असला तर त्याची बायको सिनेमा सुरू व्हायच्या आधीच, कोणाला त्रास न देता वारलेली असते.

चुंबन जवळ आलं की खोकावं. पहिल्या खेपेला सिनेमात कुत्रा मध्ये आला, दुसऱ्या खेपेला आमच्याकडे भाऊजी.

सासूबाई या कामात साफ नापास. इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जातं, पण तासभर त्या हूं की चूं न करता बसल्या. मग एकदाच हळूच म्हणाल्या, "ह्याचं मन आहे गं तिच्यात. बोलत नाहीये मेला." बस्स. शेवटी दोघं एकदाची जवळ आली तेव्हा म्हणाल्या, "ह्यांचं बाई दोन तासांत उरकतं." ज्यांच्या मालिकेत हळद सोमवारी लागून मंगळसूत्र तिसऱ्या आठवड्यात पडतं, त्यांना कौतुक वाटणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॉजिक काढा. भाऊजींनी बेकरीचा ताळेबंद मांडला. गिऱ्हाईक दिसत नाही, मग भाडं कोण भरतं? झाडंवाला अकरा महिने काय विकतो? एवढ्याशा गावात जत्रा, स्पर्धा, रोषणाई, पैसा येतो कुठून? हिने पंधरा दिवस रजा टाकली, बॉस काही बोलत कसा नाही? "मला फक्त लॉजिक लागतं, वहिनी. काय होणार हे आधीच कळलं की मी नाही बघू शकत. वेळ फुकट."

वेळ फुकट.

भाऊजी, शुक्रवारी दुपारी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काय बघत होतात? 2 एप्रिल 2011, वानखेडे, फायनल. हायलाइट्स नव्हे, अख्खी मॅच. मी शेजारी मटार सोलत होते. सेहवाग दुसऱ्या चेंडूवर गेला तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात. इतकी वर्षं झाली, तो दर वेळी दुसऱ्याच चेंडूवर जातो! गंभीर 97 वर गेला तेव्हा "अरे अरे अरे" म्हणून उठलात, माझे मटार सांडले. आणि कुलसेकराला धोनीने तो षटकार मारला तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं. मी तेव्हा म्हटलं का, की सांगू का काय होणार ते? 277 होणार, सहा गडी राखून जिंकणार, लिहून घ्या? मी उठून तुम्हाला चहा दिला. आवाज नको म्हणून मिक्सर लावला नाही. चटणी खलबत्त्यात कुटली.

म्हणजे शेवट माहीत असण्याचं दुखणं नाहीच. बघणारी कोण आहे, हे दुखणं आहे. तुमची मॅच म्हणजे आठवण, आणि माझा सिनेमा म्हणजे टाइमपास. तुमच्या वेळी घर गप्प बसतं, माझ्या वेळी घराला वाचा फुटते. "काय हे बघतेस!" नवऱ्याने म्हणायचं, मुलाने म्हणायचं, आणि आता पाहुण्यांनीही!

मला कळत नाही का हे खोटं आहे? अकाउंट्समध्ये एकोणीस वर्षं काढली आहेत मी, ती बेकरी तोट्यात आहे हे मला तुमच्या आधी दिसलं होतं. पण सोमवारपासून मंथ-एंड आहे. सांगलीला आईचा गुडघा आहे, आणि पहाटे तीनला फोन उजळला की तिचं नाव दिसायच्या आत पोटात गोळा येतो. आठवडाभरात मला शेवट माहीत असलेली एवढी एकच गोष्ट असते, 84 मिनिटांची, आणि तीही मी चपात्या करून, ओटा आवरून, सगळ्यांची जेवणं झाल्यावर बघते. तेवढं बघू द्या. आवडत नसेल तर उठा. घरात चार खोल्या आहेत. बसायचं असेल तर तोंड मिटून बसा, सासूबाई बसतात तसे.

नाताळला पुन्हा येताय, असं हे म्हणाले. या. साबुदाण्याची खिचडी करेन, तुम्हाला आवडते म्हणून दाण्याचं कूट जास्त घालून. शनिवारी सात ते नऊ टीव्ही माझा. तेवढ्या वेळात बोलायची फारच उबळ आली तर फावडं गराजमध्ये आहे, डाव्या भिंतीला. मीठ बादलीत.