आमच्याकडे आधी वीज पाहावी लागते

नवख्या माणसाने सुटे भाग जोडून (असेंबल करून) घेण्यापेक्षा कंपनीचा तयार संगणकच घ्यावा, असं मत एका लेखात वाचलं; ते शहरापुरतं ठीक आहे. इकडे यवतमाळ-वाशीमच्या खेड्यांत व्होल्टेज कधी खाली, कधी एकदम वर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, वरून धूळ. अशात बहुतेकदा आधी जातो तो एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. असेंबल केलेल्या संगणकात तो एटीएक्स या नेहमीच्या ठरलेल्या मापाचा असतो; नागपूरला बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारात सहज मिळतो आणि तालुक्याचा दुकानदारही बदलून देतो. काही कंपन्यांच्या तयार संगणकात मात्र एसएमपीएस आणि मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) त्यांच्याच मापाचे असतात, वॉरंटी संपली की त्या भागासाठी ताटकळत बसा. घेण्याआधी हे विचाराच!

तयार संगणकासोबत बहुधा विंडोजचा परवाना येतो, हे मान्य. पण ‘घरी येऊन दुरुस्ती’ आपल्या पिनकोडला लागू आहे का, ते लेखी घ्या. असेंबल करणार असाल तर प्रत्येक भागाचं पक्कं बिल मागा, वॉरंटी भागागणिक वेगळी असते. पोरांच्या अभ्यासाला, ऑनलाइन फॉर्म भरायला, प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची (स्क्रीनवर चित्र दाखवायची) सोय असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेलचा प्रोसेसर घेऊ नका, त्यात ही सोय नसते; कार्डाशिवाय त्यावर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. कार्डाचे वाचलेले पैसे यूपीएसला लावा अन् घराचं अर्थिंग तपासून घ्या.