पडद्यावरचे खेळणे आणि न दिसणारा परवाना क्रमांक

माझे वडील, म्हणजे अण्णा, मिरजेला असतात. दुपारच्या बातम्या संपल्या की ते बहुतेक वेळा खरेदीची वाहिनी लावतात, कारण तिथले निवेदक घाईगर्दी न करता, आपल्या घरी येऊन समोर बसल्यासारखे बोलतात. गेल्या दिवाळीच्या आधी अशाच एका वाहिनीवर त्यांनी लहान मुलांचा ‘लर्निंग लॅपटॉप’ पाहिला आणि माझ्या चार वर्षांच्या मुलासाठी फोनवरून मागवला. किंमत १,४९९ रुपये होती, सोबत दोन भेटवस्तू मोफत होत्या, आणि पडद्याच्या कोपऱ्यात उरलेली मिनिटे उलटी मोजली जात होती.

पार्सल आले तेव्हा कुरिअरवाल्याने आधी पैसे घेतले आणि मगच खोके हातात दिले. पडद्यावर वहीएवढा दिसणारा लॅपटॉप प्रत्यक्षात अण्णांच्या तळहाताहून थोडाच मोठा होता, आणि त्याच्या पडद्यावर एका वेळी एकच ओळ उमटत होती. एवढ्यावर थांबले असते तर मी ही पोस्ट लिहिली नसती. दुसऱ्या दिवशी ते खेळणे हातातून पडले, बॅटरीचे झाकण निघाले, आणि माझी दीड वर्षांची मुलगी आतला चकतीसारखा बटन सेल चिमटीत धरून बसलेली मला दिसली. त्या झाकणाला स्क्रू नव्हताच. खोक्यावर कुठेही आयएसआय चिन्ह नव्हते.

बटन सेल म्हणजे काय प्रकार आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असायला हवे. लिथियमचा मोठा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर लाळेच्या संपर्कात त्यातून वीज वाहू लागते, त्या जागी तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. मूल सुरुवातीला नुसते लाळ गाळते किंवा खाणे नाकारते, म्हणून दुखण्याचे कारण लवकर लक्षातही येत नाही. नाकात किंवा कानात गेलेला छोटा सेलसुद्धा इजा करतो. म्हणूनच अशा सेलचे झाकण हत्याराशिवाय सहज उघडता कामा नये, ही खेळण्यांच्या सुरक्षिततेची अगदी प्राथमिक अट आहे.

आपल्याकडे यासाठी कायदा नाही असे मुळीच नाही. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून खेळण्यांचे नमुने घेऊन तपासले, तेव्हा आयात केलेल्यांपैकी सुमारे ६७ टक्के सुरक्षा चाचण्यांत नापास झाले. पुढच्याच वर्षी खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. खेळणे विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे असेल तर त्याला आयएस १५६४४ हे मानक लागते, इतरांना आयएस ९८७३. मानकाचा क्रमांक चिन्हाच्या वर असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक, जो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर कोणालाही तपासता येतो. असे चिन्ह नसलेला माल विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. (नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे, आणि ती योग्यच आहे, नाहीतर हाताने खेळणी घडवणाऱ्या कारागिरांना हा खर्च पेलला नसता.)

प्रश्न आहे तो हे चिन्ह ग्राहकाला कधी दिसते याचा. दुकानात आपण खोके हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो, पटले नाही तर परत ठेवतो. टीव्हीवरच्या खरेदीत ग्राहकाच्या हाती असतो तो फक्त निवेदकाचा शब्द आणि कॅमेऱ्याने जवळून दाखवलेले चित्र. खेळण्याचा रंग, आवाज, दिवे, सवलत आणि मोफत मिळणारी भेट यांवर तो वीस-पंचवीस मिनिटे बोलतो, पण त्या एवढ्या वेळात ते किती सेंटिमीटरचे आहे, कोणत्या वयासाठी आहे आणि त्याचा परवाना क्रमांक काय, हे एकदाही सांगितले गेले नाही, असे अण्णांनी मला खात्रीने सांगितले. त्यानंतर मी स्वतः बरेच दिवस दुपारी असे कार्यक्रम पाहिले, आणि मलाही हा तपशील पडद्यावर आढळला नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. मुलांना अवास्तव अपेक्षा वाटू लागतील अशी अतिशयोक्ती करू नये, आणि बुद्धी वाढते असा दावा पुराव्याशिवाय करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. परंतु दुपारी त्या वाहिनीसमोर मुलापेक्षा आजी-आजोबाच जास्त असतात. ‘तुमच्या नातवाचा अभ्यास खेळता खेळता होईल’ हे वाक्य थेट त्यांच्या मायेला हात घालते. बाजारापर्यंत जाणे ज्यांना जमत नाही आणि मोबाइलवरून मागवण्याचा धीर होत नाही, अशा माणसांना या वाहिन्यांचा खरा आधार आहे, म्हणून त्या बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. माझी मागणी एवढीच आहे, की खेळणे पडद्यावर असेपर्यंत त्याचे माप, वयोगट, बॅटरीचा प्रकार आणि परवाना क्रमांक पडद्यावर ठळक अक्षरांत राहावा, आणि ते निदान एकदा तरी खऱ्या मुलाच्या हातात दाखवावे, म्हणजे आकार आपोआप कळेल.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. अण्णांनी मात्र स्वतःला फार लावून घेतले होते, मुलीच्या हातातला तो सेल त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. मागच्या महिन्यात त्याच वाहिनीवर रिमोटची गाडी आली तेव्हा त्यांनी पुन्हा फोन केला आणि पत्ता सांगण्याआधी आयएसआयचा परवाना क्रमांक विचारला. फोनवरच्या मुलीने त्यांना थांबायला सांगितले, बराच वेळ शोधले, आणि मग अगदी आदराने म्हणाली, “काका, माझ्यासमोर किंमत आहे, रंग आहेत, ऑफर आहे. तुम्ही विचारता ती माहिती आम्हाला दिलेलीच नाही.”