मोज्यातले कुसळ

सोलापूरच्या उन्हाविषयी आणि नळाला येणाऱ्या पाण्याविषयी कोणी काहीही बोलले तरी आम्ही मान डोलावून ऐकून घेतो, कारण त्यात खोटे काढण्यासारखे फारसे नसते, परंतु पुण्याहून आलेल्या भाच्याने माझ्याच घरात, माझ्याच ताटातील शेंगापोळीचा तुकडा मोडत, "मामा, तुमच्याकडे डोंगर असे नाहीतच ना?" असे विचारले, तेव्हा मात्र मला राहवले नाही. वास्तविक गप्प बसायला हवे होते. त्या वेळी माझे वय बावन्न होते आणि दिवसभराची चालण्याची मजल घरापासून पार्क चौकापर्यंत एवढीच होती.

मी त्याला समजावून सांगितले की, डोंगराने ताठच उभे राहिले पाहिजे असा काही कायदा नाही. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. सह्याद्री ही त्याची पश्चिमेची कड आहे आणि आपण त्याच पठाराच्या अंगाखांद्यावर बसलो आहोत, म्हणजे तुम्ही लोक रविवारी घाम गाळून जेथे पोहोचता तेथे आम्ही जन्मापासूनच आहोत. भाच्याने मोबाइलमध्ये पाहून, पुणे सोलापूरपेक्षा उंचावर आहे, असे नम्रपणे निदर्शनास आणून दिले. यावर सीना नदीच्या काठाकाठाने माळ तुडवत हत्तरसंग कुडलच्या संगमापर्यंत पायी जाण्याचा बेत मी जाहीर केला. सौ.ने कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली. सोबत वेदनाशामक मलमाची नळीही दिली. ती मी अपमान समजून बाजूला ठेवली आणि तिने ती परत पिशवीत घातली.

डिसेंबरातील एका रविवारी विजापूर रस्त्याने निघून, वडकबाळच्या पुलावरून सीना ओलांडून, आम्ही पुढे एका वस्तीजवळ गाडी उभी केली. भाच्याच्या पाठीवर पाण्याची नळी थेट तोंडापर्यंत येणारी पिशवी होती, हातात घडीच्या काठ्या होत्या आणि पायात गुडघ्याखालपर्यंतचे बूट होते. माझ्या पायात सकाळी फिरायला जाण्याचे कापडी बूट आणि लोकरीचे मोजे होते. या मोज्यांविषयी पुढे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमच्या माळाचा चढ हा अत्यंत सभ्य चढ असतो. सह्याद्रीचा कडा समोर उभा राहून आधीच दम देतो, त्यामुळे माणूस सावध होतो. आमचा माळ मात्र दिसायला सपाट असतो आणि अर्धा तास चालल्यावर आपण बोलणे का थांबवले, हे आपल्यालाच कळेनासे होते. वर पोहोचल्यावर टोक लागत नाही, पलीकडे तसाच दुसरा माळ लागतो, मध्ये एखादा ओढा असतो, आणि सावलीच्या नावाने पाच-सहा हिवर व बाभळी, ज्यांच्याखाली बसायचे तर आधी काटे बाजूला करावे लागतात. नदीकडे उतरलो तर वाट उसाच्या फडात शिरली. फडाला नुकतेच पाणी दिलेले होते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे मी शाळेत पाठ केले होते. ती बुटाला चिकटली की सोडत नाही, हे पाठ्यपुस्तकात नव्हते. दहा पावलांत माझी उंची दोन बोटे वाढली आणि प्रत्येक पायाला शेर-सव्वाशेराचे ओझे झाले. बाजूच्या कोरडवाहू रानात कणीस पोटात धरून मालदांडी ज्वारी पोटरीत आली होती. माझाही जीव तेथेच आला होता.

आता मोजे. डिसेंबरात माळावरचे गवत सोनेरी होते, आणि दुरून पाहणाऱ्याला ते फार काव्यमय वाटते. जवळून पाहिले तर त्यातल्या प्रत्येक कुसळाला पुढे सुईसारखे अणकुचीदार टोक असते, टोकावर मागे वळलेले बारीक केस असतात आणि मागे लांब, पिळलेली शेपटी असते. केसांमुळे ते पुढे जाते, मागे येत नाही. शेपटीला ओल लागली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या उलगडण्या-पिळण्यात ते स्वतःला स्क्रूसारखे जमिनीत फिरवून घेते. बी पेरण्याची ही निसर्गाची योजना आहे. माझे लोकरीचे मोजे घामाने भिजलेले होते, आणि कुसळांना तेवढी ओल पुरेशी होती. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते म्हणतात. ज्याने ती म्हण रचली त्याच्या पायात मोजे नसावेत.

दुपारी बारा वाजता मी बांधावर बसून घोट्यातून कुसळे उपटत असताना मेंढरांच्या मागून एक म्हातारबाबा आले. त्यांच्या आधी त्यांचा कुत्रा आला, आणि भाच्याच्या घडीच्या काठ्या किती झटकन उघडतात हे तेव्हा समजले. मी संगम किती दूर आहे असे विचारले. दक्षिण सोलापुरात मराठी विचारले तर कानडीत उत्तर मिळणे नवलाचे नाही. बाबा हात उंचावून म्हणाले, "इल्ले अदरी." इल्ले म्हणजे इथेच, आणि इल्ला म्हणजे नाही. दोहोंत फरक एका मात्रेचा आहे, आणि ती मात्रा मी पुढचे पाच किलोमीटर चालून मोजली.

संगमावर पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. सीना येथे भीमेला मिळते, पलीकडच्या काठावर कर्नाटक आहे. हरिहरेश्वराच्या देवळातील ३५९ मुखांचे शिवलिंग भाच्याने तीन वेळा मोजायला घेतले आणि तिन्ही वेळा चुकला. मला त्यातले बरेचसे चेहरे ओळखीचे आणि थकलेले वाटले. संगमेश्वराच्या मंदिरातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. त्यात "वाछि तो विजेया होईवा" असे लिहिले आहे, म्हणजे जो हे वाचेल तो विजयी होईल. भाचा त्याखाली मान वर करून बराच वेळ उभा राहिला. मी खांबाला टेकून बूट काढत होतो. तुळईवर चालणाऱ्याविषयी एक अक्षरही नव्हते.

"मामा," तो खाली न पाहता म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत? आमच्या ग्रुपला घेऊन येतो ना. गाडीने डायरेक्ट येता येतं इथं?"

गाडीने सरळ येता येते. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटर पक्का रस्ता आहे, आणि हे मला आदल्या दिवशीही माहीत होते.

रात्री सौ.ने मलम काढून दिले, त्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि न बोलण्याची ही तिची पद्धत मला बोलण्यापेक्षा अधिक झोंबते. मोजे तिने चिमट्याने उचलून मोरीत टाकले. थोड्या वेळाने मी लंगडत पाय धुवायला गेलो, तेव्हा ओल्या फरशीवर पडलेले एक कुसळ आपली शेपटी हळूहळू उलगडत, अगदी सावकाश, माझ्या अंगठ्याच्या दिशेने वळत होते.