पाकट समुद्रात अमाप आहे, हा गैरसमज

सिंहपुच्छ वानर आणि पाकट (स्टिंगरे हा पसरट मासा) यांची तुलना करणारा एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो आहे. वानर एका वेळी एकच पिल्लू देतो आणि जंगलाच्या तुकड्यांत अडकला आहे, म्हणून त्याची काळजी रास्त. पाकट मात्र मासा असल्याने हजारो अंडी घालते, समुद्र अथांग आहे, शेपटीला विषारी काटा आहे, आणि समुद्रातला मासा माणसामुळे नामशेष झाल्याचे उदाहरणच नाही, असा त्याचा आशय आहे. वानराविषयीचे म्हणणे खरे आहे. पश्चिम घाटात, उत्तर कन्नडमधील अघनाशिनीच्या खोऱ्यापासून दक्षिणेकडे, या जातीचे 2500 पेक्षा कमी प्रौढ प्राणी उरल्याचा अंदाज आहे. पाकटाविषयीचा युक्तिवाद मात्र पायापासूनच चुकला आहे.

पाकट अंडी घालत नाही. पिल्ले मादीच्या पोटातच वाढतात. सुरुवातीला पुरणारा अंड्यातला बलक संपला की गर्भाशयाच्या अस्तरातून पाझरणारा दुधासारखा स्राव त्यांचे पोषण करतो, आणि बाहेर येणारे पिल्लू पसरट अंग, शेपटी व काटा यांसह पूर्ण घडलेले असते. एका वेतातली पिल्ले बहुधा मोजकीच असतात. म्हणजे संथ प्रजननाच्या बाबतीत पाकट तारली-बांगड्यापेक्षा त्या वानराच्याच जवळचे आहे, आणि मजकुरातली तुलना नेमकी इथेच उलटते.

समुद्र अथांग असला तरी पाकटांच्या बहुतेक जाती किनाऱ्यालगतच्या उथळ, वाळू-चिखलाच्या तळाशी राहतात, आणि कोळंबीसाठी ट्रॉलरची जाळी ओढली जातात तीही तिथेच. काटा शार्कला आवरत असेल, जाळ्याला नाही.

उदाहरण नाही, हे तर सपशेल खोटे आहे. 1862 मध्ये जकार्ताच्या, म्हणजे तेव्हाच्या बटावियाच्या, मासळीबाजारात एदुआर्द फॉन मार्टेन्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला एका छोट्या पाकटाची मादी मिळाली. त्या जातीचा दुसरा नमुना पुढे कोणालाच सापडला नाही. डिसेंबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत ती नामशेष ठरली. माणसामुळे नामशेष झालेला पहिला सागरी मासा, अशी तिची नोंद झाली. अनिर्बंध मासेमारी आणि उत्तर जावाच्या किनाऱ्याची नासाडी ही त्याची कारणे सांगितली जातात. एकाच नमुन्यावरून इतका निष्कर्ष कसा, असे कोणी विचारील. पण तिथल्या मासळी उतरवण्याच्या ठिकाणांची अनेक वर्षे पाहणी करूनही ती हाती लागली नाही, म्हणूनच हा निर्णय झाला. वानरांचा कळप झाडांखालून मागोवा घेत मोजता येतो. लिलावाच्या ढिगात सगळी पाकटे एकत्र पडली की कोणती जात यायची थांबली, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

शेवटी, पाकटासाठी कायदा मागणे हा अतिरेक आहे, अशीही एक ओळ त्या मजकुरात आहे. काटेरी पाकट आणि गंगेतले पाकट 2001 मध्येच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, पहिल्या अनुसूचीत आले. सिंहपुच्छ वानरही त्याच अनुसूचीत आहे.